तेरा इंचांत एकच पान

४ फेब्रुवारी

चि. मुलीस,

तुझा निरोप फोनवर मिळाला. ‘मावशी म्हणाली, आईला छोटा लॅपटॉप हवा होता. खरं का?’ एवढंच लिहिलं होतंस. आई गेल्यापासूनच्या तीन महिन्यांत तुझ्याकडून आलेला हा पहिलाच निरोप, म्हणून मी तो दोनतीनदा वाचला. फोनवरच उत्तर लिहायला बसलो होतो. पण माझी बोटं जाड आणि तिथली अक्षरं बारीक. शेवटी कागद घेतला.

मावशीचं म्हणणं पूर्ण बरोबर नाही. आईने छोटा बघितला होता, हे खरं. पण तिचं काम तुला माहीत आहे. प्रुफं तपासायची म्हणजे डावीकडे लेखकाची मूळ प्रत आणि उजवीकडे छपाईसाठी जुळवलेलं पान, अशी दोन पानं शेजारी शेजारी लागतात. तेरा इंची पडद्यावर दोन पानं लावली तर अक्षर मुंगीएवढं होतं. सतरा इंचीवर दोन्ही स्वच्छ दिसतात. मी तेहेतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नकाशे काढले. टेबल लहान असलं की काम कसं अडतं, हे मला कुणी सांगायला नको. म्हणून तू विचारलंस तेव्हा ‘मोठा’ असं कळवलं. यात एवढंच आहे.

लॅपटॉप तू पाठवलेला, तेव्हा तो तुझा. त्याचं काय करायचं ते सांग. खोक्यात परत घालून ठेवला आहे. झाकणाच्या डाव्या कोपऱ्याला ओरखडा आहे. तो माझ्या हातून पडला, आईच्या नाही.

बाकी घर ठीक. गुडघाही ठीक. तुझ्या खोलीची खिडकी घट्ट बसत नव्हती, ती रंधा मारून घेतली. आता एका बोटाने लागते.

सवड झाली की उत्तर लिही. घाई नाही.

बाबा


१९ फेब्रुवारी

चि. मुलीस,

रविवारी मावशी आली होती. चप्पल काढायच्या आधीच तिने विचारलं, “भावोजी, तिला काय लिहिलंत?”

“जे झालं ते.”

“म्हणजे अर्धं.”

मी चहा ठेवायला आत गेलो, तर ती मागोमाग आली. “तुमचं नेहमीचंच आहे,” म्हणाली. “नकाशा अगदी बरोबर, फक्त गाव दुसरंच.”

तुझ्या आईची बहीण आहे. बोलण्यात तिच्यासारखीच, फक्त आई थांबायची आणि ही थांबत नाही. पण ती गेल्यावर मला वाटलं की मागचं पत्र खरंच आखडून लिहिलं होतं. म्हणून पुन्हा लिहितो.

ऑगस्टपासून आईला जुन्या संगणकापाशी बसवत नव्हतं. पाठ धरायची. तिनेच लॅपटॉपचं काढलं. तू रविवारच्या फोनवर म्हणालीस, “मी पाठवते, फक्त कितीचा ते सांगा. तेरा, चौदा, पंधरा की सतरा?” मी म्हणालो, मोजून सांगतो.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन पाहिलं. पडद्याचं माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपं घेतात, हे मला तिथे कळलं. मी इतके दिवस ती रुंदी समजत होतो. घरी येऊन लांबी-रुंदी काढली. तेरा इंची म्हणजे साडेएकोणतीस सेंटिमीटर रुंद आणि साडेसोळा उंच. सतरा इंची म्हणजे सव्वाअडतीस आणि साडेएकवीस. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा माळ्यावर होता, त्याचे चार मापांचे चार पुठ्ठे कापले. प्रत्येकावर पडद्याची चौकट आखली आणि खाली कळा काढल्या. वजनाचा अंदाज यावा म्हणून एका पिशवीत सव्वा किलो पाणी भरलं आणि दुसरीत पावणेतीन किलो.

आई म्हणाली, “नळाचं कनेक्शन देताय की लॅपटॉप घेताय?”

पण नंतर तिलाच त्यात मजा वाटायला लागली. तेराचा पुठ्ठा घेऊन ती घरभर फिरली. खिडकीशी बसून पाहिलं, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर पाहिलं, बाहेरच्या पायरीवरही पाहिलं. मग पलंगावर गुडघे जवळ घेऊन त्यावर पुठ्ठा टेकवला आणि आखलेल्या कळांवर खरोखर टकटक करून दाखवलं.

“बघा, कसा बसला.”

मी सतराचा दिला. तो तिने उभा धरला तर तिच्या हनुवटीपर्यंत आला. म्हणाली, “हा लॅपटॉप आहे की दार? मी याला मांडीवर घ्यायचं, की यानं मला?”

मी म्हणालो, “अगं, पण तेरा इंचांत एकच पान दिसतं. दुसरं कुठे ठेवशील?”

“एक दिसलं की पुरे. दुसरं कुणीतरी वाचेल.”

“कोण वाचणार? मला तर तू वाचू देत नाहीस.”

“तुम्ही नकोच. तुम्ही स्वल्पविराम गिळता.”

दोघेही हसलो. विषय तिथे राहिला.

तेव्हा मावशी म्हणते ते खरं आहे. आईला छोटा हवा होता. मी मोठा कळवला. तो आल्यावर पहिले बारा-पंधरा दिवस ती टेबलाशी वीस वीस मिनिटं बसायची. पुढे बसवेना. मग मी तो पलंगावर नेऊन द्यायचो. तिच्या पायांवर ठेवला की पाच मिनिटांत पायांना मुंग्या यायच्या. म्हणून मी बाजूला उभं राहून तो दोन्ही हातांनी धरायचो. दारातून कुणी पाहिलं असतं तर त्याला आईचे नुसते केस दिसले असते. एकदा माझे हात भरून आले आणि तो निसटला. ओरखडा तेव्हाचा.

तू जाताना दारात जे म्हणालीस ते मला पाठ आहे. “तुम्ही मोठा सांगितलात, म्हणून मी धरून चालले की आई टेबलाशी बसून काम करते आहे. मी तिकडे सगळ्यांना सांगत होते की आईला बरं वाटतंय. बाबा, तुम्ही इंचांतसुद्धा खोटं बोललात.”

टॅक्सीवाला सामान ठेवत होता, त्याला मी तुझी बॅग उचलून दिली.

मी खोटं बोललो असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. ती पुन्हा टेबलाशी बसेल, असं मी धरलं होतं. टेबल मोठं होतं, म्हणून पडदाही मोठा.

बाबा


७ मार्च

चि. मुलीस,

तुझं उत्तर नाही. बरोबर आहे. या दोन पत्रांना मीही उत्तर दिलं नसतं.

काल प्रेसवाले येऊन गेले. आईचं शेवटचं काम त्यांच्याकडचं होतं, हे तुला बहुतेक माहीत नसेल. एका निवृत्त वायरमनने घरच्या विजेच्या दुरुस्त्यांवर पुस्तक लिहिलं आहे. सगळं हाताने, रेघांच्या वहीत. आईला तो माणूस न भेटताच आवडला होता. “ज्ञान पक्कं आहे हो, पण स्वल्पविराम खिळ्यांसारखे ठोकलेत. दिसेल तिथे एक!” असं म्हणायची. दोनशे सोळा पानांपैकी शहाण्णव तिने तपासली. प्रेसवाले खुर्चीत अवघडून बसले आणि म्हणाले, “वहिनींचं काम दुसऱ्याला द्यायला जीव होत नाही. पण वायरमन पंचाहत्तरीचा आहे. रोज येऊन दारात उभा राहतो.”

मी दीड महिन्याची मुदत मागून घेतली. का मागितली ते पुढे लिहितो.

आधी मागच्या पत्रात जे लिहिलं नाही ते. ‘दुसरं कुणीतरी वाचेल’ असं आई म्हणाली, तेव्हा ते कुणीतरी कोण, हे मला कळलं होतं.

तू सात वर्षांची असल्यापासून तिच्या टेबलाखाली पायटेकणीवर बसून मूळ प्रत वाचायचीस. तेव्हा प्रुफं कागदावर यायची. वाचणारा एक आणि खुणा करणारा एक, अशीच पद्धत होती. विरामचिन्हांसकट वाचायचं. तू ‘स्वल्पविराम’ एवढ्या जोरात म्हणायचीस की खालच्या मजल्यावरच्या आजी विचारायच्या, कुणाला हाक मारते ही? शाळेत एकदा बाईंना जाऊन म्हणालीस, “मला बरं वाटत नाही स्वल्पविराम घरी जाऊ का प्रश्नचिन्ह.” बाईंनी आईला बोलावून घेतलं. आई घरी येईपर्यंत हसत होती. त्या दिवसापासून तिने तुझं नाव स्वल्पी ठेवलं. मी ते कधी वापरलं नाही. मला ते पोरकट वाटायचं.

मग तू नववीत असताना मी तिला संगणक घेऊन दिला. पडदा मुद्दाम मोठा घेतला. दोन पानं शेजारी शेजारी. मी म्हणालो, आता तुला कुणाची गरज नाही. चांगल्या मनाने म्हणालो होतो. त्या आठवड्यापासून घरातलं वाचन थांबलं. तू तुझ्या खोलीत आणि ती तिच्या टेबलाशी. मोठा पडदा काय करतो ते मी असं एकदा पाहिलेलं होतं. तेव्हा पुढच्या वेळी मला ठाऊक नव्हतं, असं म्हणता येणार नाही.

तू परदेशी निघालीस तेव्हा विमानतळावर मी तुला बाजूला घेतलं होतं. “एवढ्या लांब जायचं ठरवलंस ना, मग रोज फोन करून आईला हलवू नकोस. रविवारी कर. दहा मिनिटं पुरे.” तू चार वर्षं ते पाळलंस. माझीच मुलगी, दिलेलं माप ओलांडत नाहीस. आई रविवारी सकाळपासून काय काय बोलायचं ते चिठ्ठीवर लिहून ठेवायची आणि दहा मिनिटांत चिठ्ठी कधी संपायची नाही. हे तुला कुणी सांगितलं नसेल.

म्हणून तिला छोटा हवा होता. एक पान तिच्या पडद्यावर आणि दुसरं तुझ्या. काम म्हटल्यावर मी रोजच्या फोनला नाही म्हणू शकलो नसतो. माझा नियम मोडल्यासारखं होऊ नये, अशी तिने वाट काढली होती. आयुष्यभर तिने माझ्याभोवती अशाच वाटा काढल्या.

आणि मी मोठा का सांगितला, तेही लिहितो. टेबलाचं कारण खोटं नव्हतं, पण ते पहिलं कारण नव्हतं. जूनमध्येच डॉक्टर मला म्हणाले होते की हे वर्ष निघणार नाही. आईलाही माहीत होतं. तुला मी ‘अशक्तपणा आहे, औषधं चालू आहेत’ असं सांगत राहिलो. रविवारची दहा मिनिटं आई निभावून न्यायची. आधी तासभर पडून राहायची, पाणी प्यायची, मग फोन घ्यायची. पण रोज अर्धा तास वाचलं असतंस तर तिसऱ्या दिवशी तिचा दम तुला ऐकू आला असता. तू सगळं टाकून आली असतीस. आणि तू दारात उभी राहिलीस की मग ते खरं झालं असतं. तू येत नव्हतीस तोवर मला सकाळी उठून दूध तापवता येत होतं. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. आईकडे असतं तर तिने नीट शब्दांत सांगितलं असतं.

सांगायचं तिने स्वतःवर घेतलं होतं. “तिला तुम्ही काही बोलू नका. मी सांगेन, माझ्या पद्धतीनं.” ते राहून गेलं.

आणखी एक आहे. लॅपटॉप बावीस सप्टेंबरला आला. खोकं मी उघडलं आणि टेबलावर मांडून दाखवलं. आईने बराच वेळ पाहिलं. म्हणाली, “दोन्ही पानं दिसतात.”

“मग!” मी म्हणालो.

“छान झालं,” म्हणाली. आणि कामाला बसली.

पाच दिवसांनी गादीवरची चादर बदलताना तिच्या उशीखाली तेरा इंचांचा पुठ्ठा सापडला. आखलेल्या चौकटीत तिने पेन्सिलीने लिहिलं होतं:

२१६ पानं.
रोज ८ (अर्धा तास).
२७ दिवस.
तिची सकाळ ८.३० = इथे १.

खोक्यातल्या कागदावर छापलं होतं की सात दिवसांत बदलून मिळेल. पाच झाले होते. दोन उरले होते. तू तिकडून पैसे भरून ज्या दुकानातून तो पाठवलास, ते इथून चालत पंधरा मिनिटांवर आहे. मी पुठ्ठा होता तसा उशीखाली ठेवला आणि वर चादर घातली.

आई त्यानंतर जगली ते धरून, लॅपटॉप आल्यापासून एकेचाळीस दिवस झाले. त्यात सत्तावीस बसले असते. वर चौदा उरले असते.

एकतीस ऑक्टोबरला मी तुला फोन केला. दोन तारखेच्या दुपारी ती गेली आणि तीनच्या सकाळी तू आलीस. हे तुला माहीत आहे.

हे वाचून तुला जे वाटेल ते मला लिहू नकोस असं मी म्हणणार नाही. लिही.

बाबा


२२ मार्च

चि. स्वल्पी,

‘पुठ्ठा पाठवा.’ तुझे दोन शब्द परवा आले. पाठवतो आहे. दोन्ही बाजूंना कोरा पुठ्ठा लावून बांधला आहे, म्हणजे वाटेत पेन्सिल पुसणार नाही. उघडताना कात्री आडवी चालव.

पण तो तुझ्या हातात पडायच्या आधी एक सांगायला हवं. मागच्या पत्रात मी पुठ्ठ्याची एकच बाजू लिहिली. मागच्या बाजूलाही आहे. तू उलटून पाहशीलच. प्रुफं बघणाऱ्या बाईची मुलगी मागची बाजू सोडणार नाही. म्हणून मीच लिहितो. तिथे असं आहे:

पहिले ३ दिवस फक्त काम.
चौथ्या दिवशी सांगायचं.
रडली तर त्या दिवशी पानं मोजायची नाहीत.

‘ते राहून गेलं’ असं मी लिहिलं होतं. ते राहून गेलं नाही. तिने दिवस ठरवला होता. ही बाजूही मी तेव्हाच वाचली होती, सत्तावीस सप्टेंबरला, चादर हातात धरून. वाचली म्हणूनच दुकानात गेलो नाही.

हे मावशीलाही माहीत नाही. आता तुला माहीत आहे.

आईला मी पुठ्ठा पाहिला हे कळलं होतं का, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, कळलं होतं. त्या दिवसानंतर पुठ्ठा उशीखाली नव्हता. तो मला नंतर वायरमनच्या वहीत मिळाला, शहाण्णवाव्या पानाच्या खुणेला घातलेला. ज्या दिवशी तिने काम थांबवलं त्या दिवशी मी विचारलं, “उरलेलं?” ती म्हणाली, “राहू दे. वायरमनला सांगा, शिडीपर्यंत आले मी.” मग थोड्या वेळाने, डोळे मिटूनच, “पुढचं दोघांनी करायचं काम आहे.” मी समजलो की ती पुस्तकातलं काहीतरी सांगते आहे.

आता मुदत का मागितली ते.

प्रेसवाल्यांना विचारून मी वहीतली मूळ पानं ठेवून घेतली आहेत. कामाला लागतात, एवढंच सांगितलं. पुढच्या एकशेवीस छापील पानांपुरती जी आहेत ती सोबत पाठवतो आहे. ती वायरमनच्या हातची आहेत, सांभाळ. आईने जिथे थांबवलं तिथे समासात लाल टिंब आहे. छपाईसाठी जुळवलेली पानं माझ्याकडे लॅपटॉपवर आहेत. खोक्यातून तो बाहेर काढला. खुणा मला येतात. तीस वर्षं तिच्या खांद्यावरून पाहिल्या आहेत. चुकलो तर प्रेसवाले शेवटी एकदा नजर घालणार आहेत.

वहीच्या पानांचे फोटो पडद्यावर डावीकडे होतेच. त्यामुळे मला कुणाची गरज नव्हती. काल मी ती फाइल काढून टाकली. मग माळ्यावरचा उरलेला पुठ्ठा आणला, डावीकडून पावणेनऊ सेंटिमीटरची पट्टी कापली, वरून पाच सेंटिमीटरची, आणि दोन्ही पडद्यावर चिकटवल्या. आता तेरा इंच उरले आहेत. कोपरे काटकोनात आहेत. एकच पान दिसतं.

दुसरं कुणीतरी वाचायला हवं.

रोज आठ पानं धरली तर पंधरा दिवस लागतील. तुझी सकाळ साडेआठ म्हणजे इथे एक, हे आईने काढलेलंच आहे. पाकीट तुला आठ-दहा दिवसांत मिळावं. एक एप्रिलपासून रोज एक वाजता मी टेबलाशी बसलेला असेन. फोन शेजारी असेल. तू माझ्याशी बोलावंस अशी अट नाही. कशी आहेस, काय खाल्लंस, मी काही विचारणार नाही. तू नुसतं वाच, विरामचिन्हांसकट. अर्धा तास झाला की ठेव. मध्येच थांबावंसं वाटलं तर थांब. त्या दिवशी पानं मोजायची नाहीत. ते आईने लिहूनच ठेवलं आहे.

आणि नाही केलास फोन, तरी मी पंधरा दिवस एक वाजता बसेन. सोळाव्या दिवशी काम प्रेसवाल्यांना परत देईन आणि वायरमनला स्वतः जाऊन सांगेन की दोष माझा.

शहाण्णवावं पान अर्ध्या वाक्यावर संपतं. ‘छताचा पंखा बसवताना, खाली शिडी धरायला कोणी’ इथे ओळ संपते. पुढचे शब्द माझ्या पडद्यावर आहेत. पण ते बरोबर छापलेत का, हे तू वाचल्याशिवाय मला कळणार नाही.

बाबा